सात वर्षं चाललेला नॅस : डिस्क बदलू की आख्खा डबाच बदलू?

सागरगोटा

नमस्कार मंडळी,

घरी दोन डिस्कचा नॅस (घरातल्या नेटवर्कवरून सगळ्यांच्या फाईली ठेवायचा डबा) आहे, पुढच्या महिन्यात त्याला सात वर्षं होतील. आणला त्या दिवसापासून चोवीस तास चालू आहे, वीज गेली की तेवढाच बंद, बाकी त्याच्याकडे वळून बघायची वेळच कधी आली नाही. दोन्ही डिस्क ४ टीबीच्या, रेड १ मध्ये, म्हणजे जे एकीवर तेच दुसरीवर. एकत्रच घेतल्या होत्या त्यामुळे पॉवर ऑन अवर्स, म्हणजे चालू राहिल्याचे तास, दोन्हींचे साधारण ६०,८०० दिसतात.

गेल्या आठवड्यात नॅसकडून मेल आला की दुसऱ्या डिस्कवर पेंडिंग सेक्टर ८ झालेत. आत जाऊन बघितलं तर स्टेटस अजून हिरवंच, 'हेल्दी'. आता यातलं खरं कुठलं मानायचं? शिवाय कंपनीने सांगितलंय की या मॉडेलला पुढच्या वर्षापासून सिक्युरिटी अपडेट मिळणार नाहीत.

आत २.६ टीबी आहे. त्यातला बराचसा भाग गेला तरी मी जगेन, पण बाबांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह मी स्वतः बसून स्कॅन केल्या होत्या, जवळपास चार हजार. त्या निगेटिव्हना नंतर बुरशी लागली आणि टाकून द्याव्या लागल्या, त्यामुळे आता जे काय आहे ते या डब्यातच आहे. बॅकअप म्हणून एक यूएसबी डिस्क आहे पण ती शेवटची जोडून आठ महिने झाले.

विचारायचं हे की असा नॅस किती वर्षं चालतो हो? फक्त डिस्क बदलून अजून चार-पाच वर्षं काढता येतील का, की सगळंच नवीन घ्यावं? आणि ही डिस्क लगेच काढू का?

फिरती तबकडी

डिस्क काढू नका. आत्ता काहीच काढू नका, बंद पण करू नका. आधी ती यूएसबी डिस्क शोधा, जोडा आणि फोटोंचा फोल्डर आज रात्री कॉपीला लावा, बाकीचं त्यानंतर. हे झालं की मगच पुढचं वाचा.

सेक्टर म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा छोटा तुकडा. पेंडिंग सेक्टर म्हणजे डिस्कने तिथे वाचायचा प्रयत्न केला आणि नीट वाचता आलं नाही, म्हणून तिने ती जागा 'बघू नंतर' म्हणून लिहून ठेवली. ८ हा आकडा दिसला म्हणून आठ ठिकाणी बिघाड आहे असं नाही. आजकालच्या डिस्कवर खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो पण बाहेर ५१२ बाइटच्या हिशोबात दाखवतात, म्हणजे एका खऱ्या सेक्टरचे आठ. त्यामुळे ८, १६, २४ असे आकडे दिसतात. तुमच्याकडे बहुतेक एकच जागा खराब आहे.

पण एकच आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. गूगलने २००७ मध्ये त्यांच्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात दिसलं की डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासत असताना पहिली एरर आली की पुढच्या ६० दिवसांत ती जाण्याची शक्यता एरर नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट असते. आणि त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे ज्या डिस्क गेल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त डिस्कवर स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) चार मुख्य आकड्यांपैकी एकातही काहीच दिसत नव्हतं. म्हणजे आकडा वाढला तर धोका नक्की, पण आकडा शून्य आहे म्हणून सुरक्षित असं अजिबात नाही. तुमचं हिरवं स्टेटस त्यातलंच. तुमची पहिली डिस्क पण तेवढीच म्हातारी आहे हे विसरू नका.

किती वर्षं चालतो याला आकडा देता येत नाही. खोक्यावर एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी वेळ, १० लाख तास लिहिलेलं असतं, ते वाचून लोकांना वाटतं एक डिस्क ११४ वर्षं चालेल. त्याचा अर्थ तसा नाहीच, अर्थ एवढाच की अशा भरपूर डिस्क एकत्र चालवल्या तर वर्षाला शंभरातली साधारण एक जाईल, आणि तेही तिच्या उमेदीच्या काळात. सातव्या-आठव्या वर्षी काय होईल हे तो आकडा सांगतच नाही.

वायरमन

डिस्कबद्दल वर बरोबरच लिहिलंय पण सगळे डिस्ककडेच बघतात म्हणून लिहितो. माझ्या अनुभवात पाच-सहा वर्षांनी नॅसमधलं पहिलं काय जातं तर अडॅप्टर.

माझा दोन डिस्कवाला नॅस मधूनच स्वतःहून रीस्टार्ट व्हायला लागला, कधी आठवड्यातून एकदा, मग रोज, आणि दरवेळी वर येताना एक डिस्क गायब दाखवायचा. मी डिस्क बदलली, तरी तेच. मग दुसरी बदलली, तरी तेच, मग वाटलं बोर्ड गेला, टाकून द्यावा. शेवटी एका मित्राने मीटर लावला, नुसता अडॅप्टर मोजला तर १२ व्होल्ट एकदम व्यवस्थित, पण नॅस चालू करून दोन्ही डिस्क फिरायला लागल्या की खाली कोसळायचा. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना एकेक जण दीड-दोन अँपिअर ओढते आणि आतले कपॅसिटर सुकलेले असले की तेवढा झटका त्यांना पेलत नाही. नवीन अडॅप्टर लावला आणि तो नॅस अजून चालू आहे. त्या दोन डिस्क मी विनाकारण बाद केल्या आणि दरम्यान दोन वेळा अख्खं रीबिल्ड (उरलेल्या डिस्कवरून नवीन डिस्क भरणं) झालं, ते सगळं टळलं असतं.

तर सागरगोटा, डबा ठेवणार असाल तर अडॅप्टर आत्ताच बदला. व्होल्टेज तेच हवं, पिनची पोलॅरिटी (प्लस-मायनस कुठे आहे ते) तीच हवी, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. कपॅसिटर उष्णतेने सुकतात, दहा अंश कमी तापला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट असं धरतात, त्यामुळे अडॅप्टर कपाटामागे कोंबून ठेवू नका. आणि पंखा हाताने फिरवून बघा, घरघर येत असेल तर तोही बदला.

अजून एक, आत प्रोसेसर कुठला आहे ते बघून ठेवा. इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० मध्ये एक दोष होता, २०१७ मध्ये बाहेर आला, क्लॉकचा, म्हणजे आतल्या भागांना ताल देणारा, सिग्नल हळूहळू मरतो आणि एक दिवस मशीन उठतच नाही. बऱ्याच नॅसमध्ये तो होता. तसा असेल तर त्या डब्याच्या भरवशावर राहू नका, कितीही व्यवस्थित चाललेला असो.

माळ्यावरचा

मी रीबिल्डबद्दल सांगतो कारण ते मी भोगलंय. माझ्याकडे पाच डिस्कचा रेड ५ (एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून डेटा परत मिळतो अशी रचना) होता, सगळ्या एकाच खोक्यातून आलेल्या, सिरीयल नंबर पण लागून. सहाव्या वर्षी एक गेली, मी नवीन घातली, रीबिल्ड सुरू झालं, ७० टक्क्यांच्या आसपास दुसरीने वाचताना एरर दिली आणि सगळं थांबलं. बहिणीच्या लग्नाचे मूळ व्हिडिओ त्यात होते आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती. नुसता रेड आहे म्हणजे बॅकअप आहे असं मी तोपर्यंत समजत होतो.

एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच तापमानात, एकसारखं काम केलेल्या डिस्क एकत्रच म्हाताऱ्या होतात. एक गेली की दुसरीवर रीबिल्डचा ताण येतो, ८ टीबीची डिस्क १५० एमबीच्या वेगाने वाचायची म्हटलं तरी १५ तास सलग. त्या ताणात दुसरी जाते. म्हणून माझं मत, एका वेळी दोन्ही डिस्क जुन्या ठेवूच नका.

आणि नवीन घेताना एसएमआर (डिस्कवर लिहायची एक पद्धत) नाही ना ते तपासून घ्या. २०२० मध्ये उघड झालं होतं की खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्येही कंपनी न सांगता एसएमआर वापरत होती. त्यात ट्रॅक एकावर एक कौलांसारखे रचलेले असतात त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचे पण परत लिहावे लागतात आणि रीबिल्डला इतका वेळ लागतो की कधी कधी सिस्टिम कंटाळून डिस्क बाहेरच काढते. सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकावर एक न चढवलेली, असं लिहिलेलीच घ्या.

फिरती तबकडी

माळ्यावरचा, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. पण कारणाबद्दल मी जरा वेगळं म्हणेन. रीबिल्डच्या ताणाने डिस्क मरते असं सगळे म्हणतात, पण रीबिल्डमध्ये जुनी डिस्क करते काय तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचते, एवढंच, आणि सलग वाचणं हे तिच्यासाठी सगळ्यात सोपं काम आहे. माझ्या मते तुमच्या दुसऱ्या डिस्कवरचा तो सेक्टर त्या दिवशी खराब झालेला नव्हता, तो कदाचित दोन वर्षांपूर्वीच खराब झाला असेल, फक्त त्या जागेवरची फाईल कोणी उघडलीच नाही म्हणून कळलं नाही. घरच्या नॅसवर ९० टक्के माल असा असतो जो एकदा टाकला की वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

यावर उपाय म्हणजे स्क्रब. काही ठिकाणी त्याला डेटा स्क्रबिंग म्हणतात, काही ठिकाणी रेड चेक. महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या, कुठे वाचता आलं नाही तर दुसऱ्या प्रतीवरून तिथे परत लिहायचं. दुसरी प्रत शाबूत असताना हे होतं म्हणून त्याला किंमत आहे, डिस्क गेल्यावर कळून उपयोग नाही. बऱ्याच नॅसमध्ये हे मुळात बंद असतं, स्वतः चालू करावं लागतं. सागरगोटा, तुमच्याकडे सात वर्षांत कधी झालंय का बघा.

एक सावधगिरी मात्र. बॅकअप झाल्यावर स्क्रब चालवलंत तर तो पेंडिंगचा आकडा ८ वरून शून्य होईल, कारण त्या जागी परत लिहिलं जाईल. ते बघून डिस्क बरी झाली असं समजू नका, ती बदलायचीच आहे. स्क्रबचा हेतू एवढाच की पहिली डिस्क पूर्ण वाचता येते याची खात्री दुसरी काढायच्या आधी व्हावी.

माळ्यावरचा

हे पटतंय. माझ्याकडे स्क्रब कधीच झालं नव्हतं, आत्ता लक्षात आलं. तरी सारख्या वयाच्या डिस्क नकोत हे मी सोडणार नाही.

ओसरी

अपडेट बंद होणार आहेत त्याबद्दल कोणीच काही बोललं नाही, माझ्या मते डबा बदलायचं खरं कारण तेच आहे. डिस्क जाते तेव्हा एक जाते, पण बाहेरून कोणी आत शिरलं तर दोन्ही प्रती एकदम जातात, रेड तिथे काहीच करू शकत नाही कारण त्याच्या दृष्टीने तो मालकाने दिलेलाच हुकूम असतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये क्यूलॉकर हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा हजारो लोकांच्या क्यूनॅप कंपनीच्या नॅसवरच्या फाईली पासवर्ड लावून बंद केल्या गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये माय बुक लाइव्ह या नेटवर्क डिस्कवाले लोक सकाळी उठून बघतात तर डिस्क कोरी, आणि त्या डिव्हाइसला २०१५ नंतर अपडेटच मिळालेलं नव्हतं. मग २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट, हेही खंडणीवालंच, प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागत होते. या तिन्हीत एक गोष्ट समान होती, डिव्हाइस इंटरनेटवरून थेट दिसत होतं. तर राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट आत यायची वाट) केलेलं असेल तर काढा, यूपीएनपी (अशा वाटा आपोआप उघडणारी सोय) बंद करा, बाहेरून लागतच असेल तर व्हीपीएनने, म्हणजे सुरक्षित खाजगी जोडणीने, आत या.

आणि यूएसबी डिस्क कायम जोडून ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते. आमच्याकडे नॅसला यूएसबी जोडलेलीच असायची, रोज रात्री सिंक. एक दिवस घरातल्या कोणाच्या तरी हातून लॅपटॉपवरून एक फोल्डर उडाला, रात्री सिंकने आज्ञाधारकपणे तो यूएसबीवरून पण उडवला, आणि आम्हाला कळलं तीन आठवड्यांनी. जुन्या आवृत्त्या ठेवणारा बॅकअप हवा, नुसती नक्कल नको. नॅसमध्ये स्नॅपशॉटची (त्या क्षणी फाईली कशा होत्या ते जपून ठेवायची) सोय असेल तर चालू करा. एक प्रत मात्र घराबाहेर, तारेने कशालाच न जोडलेली.

सागरगोटा

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवसांनी लिहितोय कारण बरंच काही झालं.

त्याच रात्री यूएसबी जोडली. २.६ टीबी नव्याने कॉपी व्हायला सात तासांच्या वर लागले, जुना आठ महिन्यांपूर्वीचा बॅकअप मी तसाच ठेवला, वेगळी डिस्क घेतली. मग स्क्रब चालवलं (सात वर्षांत एकदाही झालेलं नव्हतं), पहिली डिस्क पूर्ण वाचली गेली, पेंडिंग शून्य झालं, अगदी फिरती तबकडी म्हणाले तसंच.

पण मग मी एक केलं, कॉपी झालेले फोटो खरंच उघडून बघायला लागलो. चार हजार सगळे मोठे करून नाही, पण पत्नी आणि मी दोघांनी मिळून तीन संध्याकाळी छोट्या आकारात सगळे नजरेखालून घातले. त्यात अकरा फोटो असे निघाले की वरचा अर्धा भाग नीट आणि खाली राखाडी पट्टा. आठ महिन्यांपूर्वीच्या यूएसबीवर बघितलं, तिथेही तसेच. म्हणजे पेंडिंग सेक्टरचा याच्याशी काही संबंध नाही, हे आधीपासूनच बिघडलेले होते आणि मी बिघडलेलीच प्रत जपून ठेवत होतो. त्या अकरात आजी-बाबांचा विहिरीजवळचा एकमेव एकत्र फोटो आहे. तो अर्धा बघितल्यावर मला काही सुचेना.

माळ्यावर शोधलं तर स्कॅन करताना मी दर टप्प्याला डीव्हीडी केल्या होत्या, पूर्ण विसरलो होतो. त्यातल्या दोन वाचता आल्याच नाहीत, पण अकरापैकी नऊ फोटो परत मिळाले. विहिरीचा मिळाला.

हे असं कशामुळे होतं?

फिरती तबकडी

नऊ मिळाले हे वाचून खूप बरं वाटलं.

नक्की कधी झालं ते आता शोधणं कठीण आहे. बहुतेक वेळा नॅसवर पोचायच्या आधीच होतं, जुन्या कॉम्प्युटरची रॅम खराब, अर्धवट झालेली कॉपी, निकामी होत चाललेला पेनड्राइव्ह. एकदा चुकीचे बाइट नॅसवर आले की रेड १ त्याच चुकीच्या दोन प्रती प्रामाणिकपणे ठेवतो. दोन डिस्कवर वेगवेगळं निघालं तरी साध्या रेडला कळत नाही की खरी कुठली, त्याला फक्त 'जुळत नाही' एवढंच कळतं. बीटीआरएफएस आणि झेडएफएस या फाईल सिस्टिम (डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धती) प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, ठेवतात त्यामुळे त्यांना कळतं कुठली प्रत बिघडली. नवीन घ्याल तेव्हा यातली एक फाईल सिस्टिम असलेलाच घ्या आणि चेकसमचा पर्याय फोल्डर बनवतानाच चालू करा, काही नॅसवर तो नंतर लावता येत नाही.

आणि आत्ता लगेच, दुरुस्त झालेल्या फोल्डरची चेकसम यादी करून ठेवा, प्रत्येक फाईलपुढे तिचा एसएचए-२५६ (चेकसम काढायची एक पद्धत). दर वर्षी बॅकअपवर तीच यादी ताडून बघायची. डोळ्यांनी चार हजार फोटो बघायचं काम दुसऱ्यांदा करावं लागणार नाही.

वायरमन

डबा मेला तर डिस्क दुसरीकडे वाचता येतात का तेही आत्ताच बघून ठेवा. बऱ्याच घरगुती नॅसमध्ये आत लिनक्सचाच साधा एमडी रेड (लिनक्समधलीच रेडची सोय) असतो, डिस्क काढून लिनक्सवाल्या कॉम्प्युटरला लावली तर उघडते. पण काहींचं स्वतःचं वेगळंच असतं, आणि एन्क्रिप्शन करून फाईली कुलूपबंद केल्या असतील तर चावीची फाईल त्याच नॅसवर ठेवून काही उपयोग नाही. तुम्ही जी डिस्क काढणार आहात तीच वापरून प्रयोग करा, फक्त वाचायला उघडायची, तिच्यावर काही लिहू द्यायचं नाही. गेली तरी फरक पडत नाही, यापेक्षा चांगली संधी नाही.

सागरगोटा

केला प्रयोग आज. भावाच्या लिनक्स कॉम्प्युटरला लावली, पहिल्यांदा दिसेना, मग रेडचा अर्धा तुकडा म्हणून जोडावी लागली पण उघडली, फोटो दिसले. कसं केलं ते कागदावर लिहून अडॅप्टरच्या खोक्यात ठेवलंय, माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला करावं लागलं तर.

ठरलं ते असं. जुन्या डब्यात एक नवीन सीएमआर डिस्क बसवली, रीबिल्ड झालं. पहिली डिस्क चार महिन्यांनी बदलेन, वेगळ्या लॉटमधली. नवीन डबा चेकसमवाला घेतोय, तो मुख्य होईल. जुना भावाकडे जाईल, नवीन अडॅप्टरसकट, इंटरनेटपासून पूर्ण तोडलेला, आणि महिन्यातून एकदा मी तिकडे गेलो की जोडून बॅकअप घ्यायचा. बाबांचे फोटो शिवाय दोन यूएसबी डिस्कवर, त्यातली एक ओसरी म्हणतात तशी कशालाच न जोडलेली.

एकच राहिलं. हे नॅस रात्री डिस्क झोपवतात, म्हणजे फिरायची थांबवतात, ते चालू ठेवू की बंद करू?

माळ्यावरचा

मुख्य डब्यावर बंद ठेवा. दिवसातून एकदोनदा झोपली-उठली तर काही होत नाही, पण घरात फोन, टीव्ही काहीतरी सारखं विचारत असतं आणि मग ती दर वीस मिनिटांनी उठते. तबकडी वाचणारं-लिहिणारं हेड उचलायची-ठेवायची मर्यादा कंपन्या साधारण तीन ते सहा लाख वेळा देतात, स्मार्टमध्ये लोड सायकल काउंट (हेड किती वेळा उचललं-ठेवलं ते) बघा, दिवसाला किती वाढतोय त्यावरून कळेल. भावाकडच्या डब्याला हा प्रश्नच नाही, तो महिन्यातून एक दिवस चालेल. तिथे मात्र जोडलात की स्क्रब पूर्ण होईपर्यंत बंद करू नका, रात्रभर राहू द्या.

सागरगोटा

बघितलं, जुन्यावर लोड सायकल २,१४,००० निघाला. झोपवणं बंद केलं.